पाठीमागचा काळा कागद

लाकडी फळीत करवतीने कापलेले माणसाचे चित्र नुसते हातात घेऊन खिडकीच्या उजेडाकडे धरले, तर त्यात माणूस दिसत नाही. केसांच्या जागी उजेड असतो, मिशीच्या जागी समोरच्या घराची कौले, आणि बुबुळांतून रस्त्यावरची माणसे ये-जा करताना दिसतात. तोच तुकडा काळ्या कापडावर ठेवला की आजोबा हजर होतात. मधल्या वेळात कापणाऱ्याने काहीच केलेले नसते. जे केले ते मागच्या कापडाने.

या कामाला मराठीत अजून ठरलेले असे नाव नाही. बारीक पात्याच्या हातकरवतीने केले तर ‘फ्रेटवर्क’, यंत्रावर केले तर ‘स्क्रोल सॉ’चे काम, आणि कोणी सरसकट ‘जाळीकाम’ही म्हणतात. जाळीकाम हा शब्द मला आवडतो; पण जाळी म्हटले की नक्षी डोळ्यांपुढे येते, चेहरा येत नाही. म्हणून या लेखापुरते मी ‘करवतचित्र’ म्हणणार आहे. पातळ फळी घ्यायची, साधारण तीन ते सहा मिलिमीटर जाडीची. तिच्यावर काळ्या-पांढऱ्या दोनच रंगांतला आराखडा चिकटवायचा. जे काळे ते कापून काढायचे, जे पांढरे ते ठेवायचे. प्रत्येक काळ्या जागेत आधी बारीक भोक पाडायचे, त्यातून पाते ओवायचे, पात्याचे सुटे टोक पुन्हा करवतीत अडकवायचे आणि तेवढा तुकडा फिरवून काढायचा. एका चेहऱ्यात अशी पन्नासएक भोके सहज होतात.

या विषयावरची पुस्तके मी जमतील तेवढी वाचली आहेत. पाते कुठले, लाकूड कुठले, वेग किती, यावर त्यांत पानेच्या पाने खर्ची पडतात. चित्र मागे कशावर बसवायचे आणि चौकटीत कसे घालायचे हा भाग मात्र शेवटी उरकलेला असतो. जेवण झाल्यावर विडा द्यावा तसा. इतिहास चाळला तर गोष्ट उलटी दिसते. कापून केलेल्या चेहऱ्यांचा इतिहास हा पुष्कळसा त्यांच्या पाठीचा इतिहास आहे. चित्र कोणाचे, कोणी कापले, कधी, आणि ते टिकले का, या प्रश्नांची उत्तरे दर्शनी बाजूवर क्वचितच मिळतात.

आधी एक तांत्रिक मुद्दा, कारण पुढचे सगळे त्यावर उभे आहे. आंब्याच्या पेटीवर नाव उमटवायचा पत्र्याचा साचा अनेकांनी पाहिला असेल. त्यात ‘ठ’ काढायचा तर मधला गोल निसटून पडू नये म्हणून त्याला बाजूने पट्टी ठेवावी लागते. चेहऱ्यातही असेच असते. बुबुळात जो पांढरा ठिपका असतो, ज्याच्यामुळे डोळा जिवंत वाटतो, तो चहूबाजूंनी काळ्याने वेढलेला असतो. आणि लाकडात काळे म्हणजे भोक. तो ठिपका हवेत कसा राहणार? इथे दोनच वाटा आहेत. एक, ठिपक्याला पापणीशी जोडणारा पूल ठेवायचा. दुसरी, ठिपका सुटा कापून काडेपेटीत जपून ठेवायचा आणि नंतर मागच्या फळीवर त्याच्या जागी चिकटवायचा. पहिल्या वाटेने चेहरा स्वतःच्या पायावर उभा राहतो आणि मागची फळी कधीही बदलता येते, पण डोळ्यात काडी गेल्यासारखे दिसते. दुसऱ्या वाटेने डोळा सुरेख होतो, पण मागची फळी कायमची चित्राचा अवयव बनते. म्हणजे चौकटीचा निर्णय चित्र पुरे झाल्यावर घ्यायचा नसतोच. पेन्सिल हातात असतानाच तो झालेला असतो.

साडीच्या बाबतीत आपण ‘जमीन’ हा शब्द वापरतो. लाल जमिनीवर हिरवे बुट्टे, असे. कापकामात जमीन कुठली आणि बुट्टा कुठला हे मागच्या थरावर ठरते, आणि ही गंमत पुरती ओळखणारा कारागीर म्हणजे फ्रान्सच्या चौदाव्या लुईच्या पदरी असलेला आंद्रे-शार्ल बूल (१६४२–१७३२). कासवाच्या पाठीचे पातळ पापुद्रे आणि पितळेचे पत्रे एकावर एक रचून तो दोन्ही एकदमच कापवून घेई. त्यातून दोन नक्ष्या निघत: कासवपाठीच्या जमिनीत पितळेची वेल, आणि पितळेच्या जमिनीत कासवपाठीची वेल. फ्रेंचमध्ये पहिलीला ‘प्रमिएर पार्ती’ म्हणतात, दुसरीला ‘काँत्र पार्ती’. कित्येकदा जोडीच्या दोन कपाटांपैकी एकावर पहिली आणि दुसऱ्यावर दुसरी बसवलेली दिसते. आत पडलेला तुकडा आणि उरलेले भोक, दोघांनाही सारखाच मान. पुढे मार्केट्रीचे कारागीर असे गठ्ठे कापण्यासाठी एका लाकडी बैठकीवर मांड टाकून बसू लागले; पायाने पट्टी दाबली की गठ्ठा चिमट्यात घट्ट धरला जाई आणि हात करवतीला मोकळा राही. इंग्रजीत त्या बैठकीला गाढव म्हणतात, फ्रेंचमध्ये छोटा घोडा. आपल्या सुताराने बहुधा घोडीच म्हटले असते.

कागदात हाच खेळ स्वस्तात आला. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात युरोपात सावलीसारखी काळी एकरंगी चित्रे घरोघर झाली. १७५९ मध्ये जेमतेम आठ महिने फ्रान्सचा अर्थमंत्री राहिलेल्या एतिएन द सिलुएत याच्या काटकसरीची टर उडवताना स्वस्त वस्तूंना त्याचे नाव चिकटले, असे सांगतात. या चित्रांना तर ते कायमचे चिकटले. १७७५ ते १७७८ या काळात स्विस धर्मोपदेशक लाव्हाटर याने चेहऱ्यावरून स्वभाव ओळखण्याच्या शास्त्रावर चार खंड काढले आणि या छायाचेहऱ्यांना विद्वत्तेचे वलयही मिळाले. ते शास्त्र खोटे निघाले. चित्रे उरली.

त्यांत दोन जाती होत्या. काळ्या कागदातून चेहरा कापून पांढऱ्यावर चिकटवायचा, ही एक. पांढऱ्या कागदातून चेहरा कापून फेकून द्यायचा आणि उरलेल्या भोकामागे काळे लावायचे, ही दुसरी. आजचे करवतचित्र या दुसरीचे वंशज आहे, निदान रीतीने. म्हणून तिच्यापाशी थोडे थांबतो.

चार्ल्स विल्सन पील हा अमेरिकन चित्रकार. फिलाडेल्फियातले त्याचे संग्रहालय १८०२ मध्ये राज्याच्या जुन्या सभागृहात हलले; म्हणजे १७७६ मध्ये जिथे अमेरिकेच्या स्वातंत्र्याचा जाहीरनामा संमत झाला होता त्याच इमारतीत. त्या वर्षाच्या अखेरीला तिथे एक नवे यंत्र आले. जॉन आयझॅक हॉकिन्स या इंग्रजाने ते शोधले होते, नाव ‘फिझिओनोट्रेस’. बसलेल्या माणसाच्या कपाळापासून गळ्यापर्यंत एक पितळी सळई फिरवायची. सांध्यांनी जोडलेल्या पट्ट्यांमुळे तीच रेघ दोन इंचांहूनही लहान होऊन घडी घातलेल्या कागदावर दाबली जाई. कागदाच्या दोनदा घड्या घातलेल्या असत, त्यामुळे एकदा कात्री फिरवली की एकसारखे चार चेहरे. दर आठ सेंट.

ही कात्री फिरवणारा मोझेस विल्यम्स. तो पीलच्या घरात गुलाम म्हणून वाढला. त्याचे आईवडील १७८६ मध्ये मुक्त झाले, मुलगा मात्र पीलच्या घरातच बांधलेला राहिला. पीलने आपल्या पोटच्या मुलांची नावे राफाएल, रेम्ब्रांट, टिशियन अशी ठेवली आणि त्यांच्या हाती रंग-कुंचला दिला. मोझेसच्या हाती मेलेल्या प्राण्यांत पेंढा भरण्याचे काम दिले, आणि १८०२ मध्ये त्याला मुक्त केल्यावर हे यंत्र. पहिल्याच वर्षी त्याने आठ हजारांहून अधिक चेहरे कापले. त्या कमाईवर पुढे त्याने दुमजली विटांचे घर घेतले, असे रेम्ब्रांट पीलने म्हातारपणी लिहून ठेवले आहे. कापताना आत पडणाऱ्या मुंडक्यांना संग्रहालयात ‘ब्लॉकहेड’ म्हणत. इंग्रजीत त्याचा अर्थ ठोंब्या असाही होतो.

आता त्या चित्राची पाठ पाहा. गिऱ्हाईक घरी काय नेई? पांढऱ्या कागदातले एक भोक. मागे काळा कागद किंवा काळे रेशीम लावल्याशिवाय त्या भोकात चेहरा येत नाही. आज संग्रहांत हे चेहरे पाहताना आपण ज्याला ‘चित्र’ म्हणतो तो काळा भाग कात्रीने केलेलाच नाही. तो पाठीमागच्या तुकड्याचा आहे. तो तुकडा गळून पडला तर भोक उरते. तपकिरी झाला तर माणूस तपकिरी होतो. आणि एरवी सगळेच काळे: संग्रहालय पाहायला आलेला गोरा व्यापारी काळा, त्याची बायको काळी, त्याची मुले काळी. ज्या शहरात कातडीच्या रंगावर माणसाचे मोल ठरत होते, त्या शहरात आठ सेंटांत सर्वांना एकच रंग मिळत होता, आणि तो देणारा माणूस कालपरवापर्यंत दुसऱ्याच्या मालकीचा होता. याचा त्या काळी कोणी विचार केला असेल असे मला वाटत नाही. चेहऱ्याखाली दाबून उठवलेला छाप असे तो संग्रहालयाचा. कापणाऱ्याचे नाव त्यात नाही. फिलाडेल्फियाच्या ‘लायब्ररी कंपनी’ या जुन्या ग्रंथसंस्थेत याच जातीचा एका कृष्णवर्णीय माणसाचा चेहरा आहे. त्यावर नाव लिहिले आहे ते त्याचे नव्हे, ‘मिस्टर शॉ यांचा काळा माणूस’ असे. चेहरा स्वतःचा, नाव मालकाचे.

त्याच संस्थेत मोझेस विल्यम्सचाही चेहरा आहे. ‘चेहरे कापणारा’ असा त्याचा हुद्दा नावाबरोबर लिहिलेला. पुष्कळ वर्षे ते चित्र राफाएल पीलच्या नावावर मांडले जात होते. २००५ मध्ये एका अमेरिकन कला-इतिहासकार बाईंनी कागद बारकाईने तपासून वेगळे मत मांडले: यंत्राने दाबलेली रेघ एकीकडे आहे आणि कात्री काही ठिकाणी, विशेषतः केसांपाशी, ती रेघ सोडून गेली आहे. ही मोडलेली वाट कापणाऱ्याची स्वतःची असावी, म्हणजे हे मोझेसने कापलेले आत्मचित्र असू शकते. मला हा युक्तिवाद पटतो. अर्थात तो करता आला कारण कागद होता तसा राहिला होता. कोणी उत्साहाने कडा छाटून, घट्ट माउंट लावून, छान सोनेरी चौकटीत बसवला असता तर ती दाबरेघ माउंटखाली गेली असती.

इंग्लंडात याच काळात पाठीचा उपयोग जाहिरातीसाठी झाला, आणि त्यामुळे इतिहास वाचला. जॉन मायर्स हा लीड्सचा चित्रकार १७८८ मध्ये लंडनला आला आणि पुढे स्ट्रँड या रस्त्यावर त्याने बस्तान बसवले. तो चेहरे कापत नसे, पांढऱ्या प्लास्टरवर काळ्या रंगाने रंगवत असे. पण चौकटीच्या पाठीवर छापील चिठ्ठी डकवायची त्याची पद्धत इथे महत्त्वाची आहे. दुकानाचा पत्ता बदलला की चिठ्ठी बदले. आज संग्राहक त्याच्या चित्रांची कालनिश्चिती पुष्कळदा या चिठ्ठ्यांवरून करतात. मूळ रेखाटन आम्ही जपून ठेवतो, पुन्हा न बसता हवी तितकी प्रत मिळेल, असेही तो त्या चिठ्ठीवर कळवी. चौकट नवी करताना जुनी पाठ फेकली की चित्राचे जन्मसालच फेकले जाते.

ऑगस्ट एदुआर (१७८९–१८६१) या फ्रेंच माणसाची गोष्ट मोझेसच्या अगदी उलट आहे. तो यंत्राचा तिरस्कार करी. नुसत्या डोळ्यांनी पाहून, काळ्या कागदातून उभी आकृती कापी, तीही नखशिखांत. सोनेरी रेघा मारून केस-कपडे दाखवणाऱ्यांवर त्याचा भयंकर राग. काळे ते काळेच राहिले पाहिजे, हा त्याचा धर्म. १८३५ मध्ये त्याने या कलेवर ग्रंथच लिहिला. इतका कर्मठ माणूस जमिनीच्या बाबतीत मात्र सढळ होता. त्याच्या कित्येक काळ्या आकृती छापील किंवा जलरंगातल्या दिवाणखान्यात उभ्या आहेत: पडदे, गालिचा, खिडकीबाहेर झाडे. माणूस सपाट काळा आणि खोली खोल. मला हे सुरुवातीला विसंगत वाटे. पण खोली असल्यामुळेच माणूस सावली न वाटता उजेडाकडे पाठ करून उभा राहिलेला वाटतो. मागची जमीन पुढच्या काळ्याचा अर्थ बदलते, हे त्याच्याइतके कोणी वापरलेले माझ्या पाहण्यात नाही.

एदुआर काळा कागद दुहेरी घडीने कापी. एक प्रत गिऱ्हाइकाची, दुसरी त्याच्या वहीत, तिच्यासोबत नाव, गाव, तारीख. १८३९ मध्ये तो अमेरिकेला गेला, दहा वर्षे तिथल्या शहरांतून हिंडला. १८४९ मध्ये ‘ओनिडा’ जहाजाने परतताना गर्न्सी बेटाजवळ जहाज फुटले. तो वाचला, वह्यांचा बराचसा ढीग समुद्राने नेला. ज्या वाचल्या त्या त्याने आसरा देणाऱ्या लुकिस कुटुंबाला देऊन टाकल्या आणि त्यानंतर त्याने हे काम जवळपास सोडलेच. विसाव्या शतकाच्या आरंभी त्या वह्या मिसेस नेव्हिल जॅक्सन या संशोधक बाईंच्या हाती लागल्या आणि हजारो बेनाव काळ्या आकृत्यांना नावे मिळाली. मोझेसने कापलेल्या चेहऱ्यांना अशी वही नाही.

कागदावरून लाकडावर येताना मध्ये एक मजेदार उलटापालट आहे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात फ्रेटवर्कची लाटच आली. इटलीतल्या सोरेंटो गावच्या लाकडी जडावकामाचे प्रवाशांना वेड होते. त्या गावाच्या नावानेच अमेरिकेत हे काम ओळखले जाऊ लागले. १८७६ च्या फिलाडेल्फियातल्या शतसांवत्सरिक प्रदर्शनात पायाने चालवायच्या करवती लोकांनी पाहिल्या आणि मग त्या घराघरांत शिरल्या. इलिनॉयमधल्या रॉकफर्डच्या बार्न्स बंधूंनी तर सायकलसारखे दोन्ही पाय मारायची करवत विकली. इंग्लंडात नॉरफोकमधल्या डेरम गावातून १८९५ मध्ये ‘हॉबीज’ हे साप्ताहिक सुरू झाले आणि त्याच्या अंकाबरोबर फ्रेटवर्कचा आराखडा फुकट मिळू लागला. हे लोक काय कापत? कोनाड्यातले ब्रॅकेट, घड्याळाची घरे, आणि मोठ्या प्रमाणावर फोटोच्या चौकटी. म्हणजे चेहरा कॅमेऱ्याने केला आणि करवत त्याच्या चौकटीत राबली. आपल्याकडे गिरगावातल्या खोताच्या वाडीसारख्या वस्तीत घरांच्या सज्जांना जे लाकडी कापकाम दिसते ते अशाच हौशीच्या आणि त्या काळच्या वास्तुरुचीच्या कुळातले आहे. त्यात फुले आहेत, वेली आहेत; चेहरा नाही.

चेहरा करवतीकडे परत आला तो पुष्कळ उशिरा, विजेच्या छोट्या करवती घरगुती झाल्यावर आणि त्याहून जास्त संगणकामुळे. फोटोतल्या करड्या छटा पुसून त्याचे फक्त काळे-पांढरे करणे एका बटणाचे काम झाले. ज्या फोटोला करवत शंभर वर्षे चौकट पुरवत होती, त्याच फोटोने आता करवतीला चेहरा पुरवला. गठ्ठ्याने कापायची बूलची रीतही परतली: पातळ प्लायचे तीन-चार तुकडे कडेला चिकटपट्टी लावून एकत्र कापायचे. फक्त आत पडलेल्या तुकड्यांचा मान कोणी ठेवला नाही. ते केरात जातात.

आता चौकटीकडे. मी स्वतः गेली बरीच वर्षे ही चित्रे कापतो आणि बसवतो, त्यामुळे इथे मते थोडी ठाम आहेत. जमिनीसाठी सर्वांत वाईट वस्तू म्हणजे काळे लोकरी फेल्ट, आणि ती सर्वांत जास्त वापरली जाते. दिसते मखमली, पण धूळ धरते आणि लोकर म्हटले की किडे आलेच. साध्या काळ्या कागदाचा रंग उन्हात विटतो. पाचेक वर्षांत काळा जाऊन जांभळट तपकिरी होतो आणि आजोबांच्या मिशीला मेंदी लावल्यासारखे दिसते. पातळ प्लायवर चकाकी नसलेला काळा रंग दोन हात दिला तर त्याइतके टिकाऊ दुसरे काही नाही. त्याच्याही मागे फ्रेमवाले जो करडा किंवा पिवळट पुठ्ठा घालतात तो कागदी चित्रांचा खरा शत्रू. त्यातले आम्ल कागदात उतरते आणि तो पिवळा, ठिसूळ होतो. जुन्या चौकटींत पुठ्ठ्याऐवजी फळी असे. तिच्यातली गाठ चित्रावर तपकिरी डागाने उमटते, आणि फळीच्या फटीची रेघसुद्धा. जुन्या तसबिरीत देवाच्या पोटावर उभी तपकिरी रेघ दिसली तर ती चित्रकाराची नसते. मागे दोन फळ्या होत्या, एवढाच तिचा अर्थ.

चित्र जमिनीला टेकवून बसवावे की मध्ये अंतर ठेवावे, यावर हौशी मंडळींत दोन तट आहेत. अंतर ठेवले की लाकडाची सावली मागे पडते आणि खोली येते. झाड, कमान, देवळाचे शिखर असेल तर ही सावली सुंदर दिसते. चेहऱ्याला मी ती शक्यतो देत नाही. सावली म्हणजे प्रत्येक कडेला दुसरी कड. पापणीला दुसरी पापणी येते, ओठाला दुसरा ओठ, आणि संध्याकाळी दिवा लागला की सावली दुसरीकडे जाऊन माणूस वेगळाच दिसू लागतो. एका घरात दिवसातून दोनदा चेहरा बदलणारे आजोबा कोणाला हवेत? मात्र टेकवून बसवायचे म्हणून पाठभर फेविकॉल लावू नये. पावसाळ्यात लाकूड फुगते, उन्हाळ्यात आक्रसते; जमीन आणि चित्र वेगवेगळे हलले की पातळ पूल मोडतात. चार-सहा ठिकाणी थेंबभर पुरे. चौकटीच्या खाचेतही चहूबाजूंनी दोनेक मिलिमीटर मोकळे सोडावे. कोकणातल्या भिंतींना ओल येते, तिथे चौकटीच्या खालच्या कोपऱ्यांना मागून बुचाचे तुकडे लावले की हवा खेळती राहते.

काच लावावी का? परदेशी हौशी कारागीर बहुधा लावत नाहीत. लाकूड दिसले पाहिजे, असे त्यांचे म्हणणे. त्यांच्या घरी ते बरोबर असेल. आपल्याकडे भिंतीवरच्या माणसाला पुण्यतिथीला हार घालतात, कपाळावर कुंकू लावतात, पुढे उदबत्ती लावतात. काचेवरचे कुंकू पुसता येते. उघड्या लाकडात ते मुरते, आणि फडक्याने पुसायला जावे तर नाकाशेजारचा पूल फडक्यात अडकून तुटतो. म्हणून घरच्या माणसाचे चित्र असेल तर मी काच लावतो. मात्र कडेने आतून बारीक पट्टी घालून ती लाकडापासून दूर ठेवतो, कारण काचेला टेकलेल्या लाकडावर पावसाळ्यात बुरशी येते. हाराचेही एक आहे. ओल्या फुलांचे पाणी चौकटीच्या वरच्या सांध्यात उतरते आणि पहिला तोच सांधा सुटतो. हारासाठी भिंतीत दोन वेगळे खिळे मारावेत.

महाराष्ट्रात करवतचित्रांत सर्वांत जास्त कोणाचा चेहरा कापला जात असेल तर तो अर्थातच शिवाजी महाराजांचा. याचे एक कारण भक्ती, दुसरे तंत्रातले. सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात दख्खनी चित्रकारांनी काढलेली आणि युरोपीय संग्रहांत टिकलेली महाराजांची चित्रे बाजूने पाहिलेली आहेत. अॅमस्टरडॅमच्या राइक्स म्युझियममधल्या विटसन संग्रहातलेही तसेच. कपाळ, नाक, दाढी ही एकच अखंड रेघ. करवतीला याहून सोपा आणि याहून ओळखू येणारा चेहरा नाही. त्या चित्रकारांच्या परंपरेत पाठीचे काम हे स्वतंत्र कसब होते. कागदाचे थर चिकटवून घोटून वसली करायची, भोवती हाशिया आखायचा. मुघल कारखान्यांत तर हे करणारे हात चित्रकाराहून वेगळे असत. चित्र आणि त्याची बैठक यांचा असा एकत्र विचार आपल्या घरच्याच परंपरेत होता. तो नंतर फ्रेमवाल्याच्या गल्ल्यावर येऊन ‘कुठली पट्टी लावू, सोनेरी की काळी?’ एवढ्यावर आला.

आता लेझर आला आहे. ६ डिसेंबरला दादरच्या चैत्यभूमीवर, १४ एप्रिलला गावोगावी, बाबासाहेबांची कापीव चित्रे स्टॉलवर मांडलेली दिसतात. पुष्कळशी एमडीएफमधली, लेझरने कापलेली, कडा भाजून तपकिरी झालेल्या. स्वस्त आहेत, त्यामुळे ज्यांच्या भिंतीवर पूर्वी छापील कॅलेंडर होते त्यांच्या भिंतीवर आज लाकडातला चेहरा आहे. याबद्दल नाक मुरडण्याचे मला काही कारण दिसत नाही. हॉबीजचे फुकट आराखडेही हेच करत होते. एमडीएफ ओलीने फुगते एवढे मात्र लक्षात ठेवावे आणि चौकटीच्या मागची फट कागदी पट्टीने बंद करावी. यांच्या पाठीवर काहीच नसते. आराखडा कोणी काढला, कुठल्या फोटोवरून, कुठल्या गावात कापले, काही नाही. दर्शनी बाजूवर नाव असते ते चित्रातल्या माणसाचे, आणि कधी देणाऱ्या मंडळाचे.

पुन्हा चौकट करायला दिलेली जुनी चित्रे मी फ्रेमच्या दुकानांत मुद्दाम पाहतो. जुनी पाठ उचकटून चुका एका डब्यात आणि पुठ्ठा दुसऱ्या ढिगात जातो. त्या ढिगात मला दुकानांचे रबरी शिक्के सापडले आहेत, शाईने लिहिलेली लग्नाची तारीख सापडली आहे, एकदा तर मागे भर म्हणून घातलेले वर्तमानपत्र, ज्याच्यावरून चौकटीचा महिना कळला. पाठ काढण्याआधी तिचा फोटो घ्यावा. शिक्का किंवा चिठ्ठी असलेला तुकडा कापून, नव्या पाठीवर पाकिटात घालून लावावा. थेट चिकटवू नये. जमिनीवर सुटे ठिपके चिकटवलेले असतील तर जमीन बदलू नये, ती कितीही विटली असली तरी.

माझ्या चित्रांच्या पाठीवर मी पेन्सिलीने लिहितो, कारण शाई ओलीने पसरते. कोणाचे चित्र, कोणत्या फोटोवरून, लाकूड कुठले, कापले कोणी, काच कोणी बसवली, आणि डोळ्यातले ठिपके सुटे आहेत की पुलाने जोडलेले.